गुरुवारची फणी

११ जानेवारी १९७३, गुरुवार

आज अकरा डोकी. मागच्या गुरुवारी सहा होती. बातमी पसरली म्हणायची की उवा पसरल्या, देव जाणे.

बाजाराचा दिवस म्हणून दुष्काळी कामाला सुट्टी, आणि उपकेंद्राच्या ओट्यावर दुपारी सावली असते. म्हणून गुरुवार धरला. प्यायला पाणी नाही तिथे न्हायला कुठलं. दिवसभर पाझर तलावाची माती वाहायची आणि तेच डोकं घेऊन झोपायचं. म्हाताऱ्यांच्या डोक्याला हात लावायला गेले तर "आमचं काय आता ऱ्हायलंय" म्हणतात. म्हणून तरण्या पोरींवर भर.

मी एकेकीचं डोकं बघत बसले असते तर दिवेलागण झाली असती. सुमन म्हणाली, "बाई, आगगाडी करू." एकीमागे एक बसल्या, प्रत्येकीने पुढचीचं डोकं धरलं. फण्या चारच, बाकीच्यांनी बोटांनी काम चालवलं. सगळ्यांत पुढची थोड्या वेळाने उठून मागे जाते, म्हणजे प्रत्येकीचं डोकं होतं. सुमन सतरा वर्षांची, सातवी पास, लग्न ठरून मोडलेलं, जीभ तिखट. तिला काही सांगावं लागत नाही, उलट तीच मला सांगते.

सीताफळाच्या बिया वाटून करंजीच्या तेलात. डोळ्यांत जाऊ देऊ नका हे दहा वेळा बजावलं. तरी एकीने डोळे चोळलेच.

भिंगारहून भावाचं पत्र. नाताळाला का आली नाहीस. दोन बाळंतपणं अडली होती, म्हणून. तीन वर्षं झाली या गावात, त्याला अजून वाटतं मी इथे नुसती बसून असते.

१४ जाने., रविवार

संक्रांत. तीळगुळाचं नाव नको. कामावर मिळणारी सुकडीच बायकांनी चिमूट चिमूट एकमेकींना दिली आणि "ग्वाड बोला" म्हणून हसल्या.

कोंडाबाईच्या पायावर कामावर दगड पडला, ड्रेसिंगला तिच्या घरी गेले. घरात कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक मुलगी. तिची धाकटी, मथुरा. सोळा वर्षांची. तीन वर्षांत मी हिला पाहिली कशी नाही? पाहिली असणार, पण ही ती वाटत नाही.

"मुकी आहे का?"

"न्हाई वो बाई. लई बोलकी हुती. आता शिमग्याला वरीस हुईल."

गेल्या हंगामात मोठी बहीण गया आणि तिचा नवरा कारखान्यावर ऊस तोडायला गेले. बरोबर मथुराला नेली, गयाचं सात महिन्यांचं पोर सांभाळायला. सगळेच नेतात कुणाला तरी. पोराला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी गेलं. गया फडातून आली, पोर पाहिलं आणि मथुराला म्हणाली, "तू काय करत हुतीस?" एवढंच. तेव्हापासून ही बोललेली नाही. न्हाण नाही, वेणी नाही. दिलं तर खाते.

मानेवर केसांचा गठ्ठा झालाय, पंजाएवढा. त्यावर हळदकुंकू. मी बघत राहिले तशी कोंडाबाई हळूच म्हणाली, "जट हाय. आईनं धरलंय तिला."

चैत्री पुनवेला हिच्या हाती देवीची परडी द्यायची ठरलं आहे. म्हणजे लग्न नाही, संसार नाही, जन्मभर दारोदार जोगवा. गावातली म्हातारी जोगतीण, राहीआक्का, तिने जट ओळखली म्हणे.

मी चिडले. म्हटलं, "कोंडाबाई, हे केस विंचरले नाहीत म्हणून झालंय. देवी कुठली आली यात?"

ती पाय माझ्या हातातून न काढता म्हणाली, "येडी म्हनत्यात तिला लोक. आईची म्हनलं तर पाया तरी पडत्याल."

पट्टी बांधून आले.

१७ जाने., बुधवार

आरोग्य केंद्रात महिन्याची मीटिंग. नवे डॉक्टर पोरसवदा आहेत, पण ऐकून घेतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सिस्टर, माझ्याकडे यावर टॉनिक आहे आणि झोपेच्या गोळ्या आहेत. दोन्हींचा उपयोग नाही. पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं तर तिथे कोंडून ठेवतील आणि घरचे परत आणणार नाहीत." मग पेन उचलत, "एकटी ठेवू नका. एवढंच मला येतं."

खरं बोलले म्हणून बरं वाटलं. पण एकटी ठेवायची नाही म्हणजे कुठे ठेवायची? आई कामावर, घरात दुसरं कोणी नाही.

येताना एस.टी. चुकली. पाच मैल पायी.

२५ जाने., गुरुवार

म.ला आणलं. (पूर्ण नाव लिहीत नाही यापुढे. ही वही कपाटात असते आणि कपाटाला कुलूप नाही.) कोंडाबाई हाताला धरून घेऊन आली. "तुमी म्हनला म्हनून," म्हणाली आणि ओट्याखालीच उभी राहिली.

पोरी सरकून बसल्या. देवीची जट, हात लावायचा कसा? सुमनने मार्ग काढला. म.ला सगळ्यांत मागे बसवलं. मागे कोणी नाही म्हणजे तिच्या डोक्याला हात लावायचा प्रश्न नाही. स्वतः तिच्या पुढे बसली आणि फणी मागे धरली. "घे गं. माझ्या डोक्यात लई झाल्यात."

म.ने फणी घेतली. घेऊन बसली. अर्धा तास तरी नुसती बसली असेल. मी रजिस्टर पुढ्यात घेऊन लिहिण्याचं सोंग करत होते. मग पाहिलं तर फणी चालत होती. हळू, पण नीट. लिखा नखावर मारत होती. कधी काळी सवय असणार.

सुमनने आज आगगाडी फिरू दिली नाही. मान आखडली तरी तशीच बसून राहिली.

१ फेब्रु., गुरुवार

चौदा जणी. म. आपली आपण आली. आई बरोबर नव्हती.

आज एक गोष्ट लक्षात आली. या पोरी माझ्याशी समोरासमोर कधी काही बोलत नाहीत. विचारलं तर "काय न्हाई" म्हणतात आणि पदर चावतात. पण आगगाडीत बसल्या की बोलतात. कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही ना. प्रत्येकीला पुढचीची पाठ तेवढी दिसते. बोलणारी फणीशी बोलते.

एक म्हणाली, छातीत धडधडतं, माती टाकताना हात थरथरतात, कुणाला सांगितलं तर लग्न मोडेल. दुसरी म्हणाली, मला रोज वाटतं आई कामावरून येणारच नाही, म्हणून मी तिच्या वाटेवर जाऊन बसते. तिसरी नुसती रडली. कुणी थांबलं नाही, फण्या चालूच. एक पोरगी तिच्याकडे वळून बघायला लागली तशी सुमन ओरडली, "म्होरं बघ! मागं वळून बघायचं न्हाई. बोलनारीला बोलू द्या."

नियमच झाला तो.

नर्सिंगच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नाही मला. तापाचं, बाळंतपणाचं, खरजेचं शिकवलं.

८ फेब्रु., गुरुवार

घाण केली मी. लिहायलासुद्धा लाज वाटते.

म.च्या जटेखाली मानेवर जखम दिसली. चिघळलेली, माशी बसत होती. धुवायची तर गठ्ठा बाजूला करायला हवा, तो होत नव्हता. मी ड्रेसिंगची कात्री आणली आणि टोकाचा बोटभर भाग कापला. विचार केला नाही. कुणाला विचारलंही नाही. माझं आपलं एकच, जखम धुवायची.

पोरी किंचाळल्या. म. किंचाळली नाही. तिने मागे हात नेला, कापलेली जागा चाचपली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकून बसली. तिला उठवता येईना. शेवटी कोंडाबाईला बाजारातून बोलावलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कापलेले केस पदरात बांधून घेऊन गेली.

जखम तशीच राहिली.

१२ फेब्रु., सोमवार

पलीकडच्या आळीत बाळंतपण झालं. मला बोलावलं नाही, सुईणीने केलं. बाळ-बाळंतीण बरी आहेत हे पाणी भरायला गेले तेव्हा उडत उडत कळलं. दारावरून जाताना बायका "बाई" म्हणून हाक मारायच्या, तेही बंद.

"किरिस्ताव बाई, तिला आईचं काय." हे मला ऐकू येईल अशा बेताने.

१५ फेब्रु., गुरुवार

ओट्यावर सतरंजी घातली. फण्या मांडल्या. कोणी नाही.

उन्हं कलल्यावर सुमन आली, ओट्याखाली उभी राहून भांडली माझ्याशी. भांडलीच. मी म्हटलं, "देवीचा एवढा धाक आहे तर आधी सांगायचं होतं." तर म्हणते, "देवीचं जाऊ द्या वो. तिला इचारायचं तरी, बाई. मथीला. तिचं डोकं हाय."

ती गेल्यावर बराच वेळ सतरंजीवर बसून होते. सतरा वर्षांच्या पोरीने सांगावं लागलं.

बदलीचा अर्ज लिहायला घेतला. मायना लिहून ठेवून दिला.

२२ फेब्रु., गुरुवार

आजही कोणी नाही. म्हणजे पोरी नाहीत.

भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना राहीआक्का आली. कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, डोक्यावर जटांचा भारा. मी मनात म्हटलं, आता ही शिव्या देणार. ती आत आली, दार लोटून घेतलं आणि खाली बसली.

"बाई, डोकं लई खातंय."

मला आधी कळलंच नाही. मग हसू आलं, ते दाबलं. देवीच्या जटांत उवा. साठीची बाई, किती वर्षं सोसत असेल! कुणाला सांगणार? सांगितलं तर देवीचं कसं व्हायचं?

या वेळी मी विचारलं, "हात लावू का?" "लावा, पन कापायचं न्हाई." तेल घालून जटांच्या मुळाशी बोटांनी चोळत बसले. तासभर तरी. ती डोळे मिटून होती आणि पाठमोरी. म्हणून बोलली असणार.

नऊ वर्षांची होती. आई गेली, बापाने दुसरी केली. सावत्र आईने वर्षभर डोक्याला तेल लावलं नाही. "जट झाली. बाप म्हनला, आईनं धरली. त्येला बी बरं पडलं." मग, "माजी जट कुनी इंचरली न्हाई."

मी म्हटलं, "मग कोंडाबाईच्या पोरीला का ओळखलीत जट? तुम्हाला माहीत असून?"

ती वळली आणि माझ्याकडे पाहिलं. "जोगवा मागनारीला दारात उभं करत्यात बाई. येड्या पोरीला दगूड मारत्यात. मी दुसरं काय देनार हुते तिला?"

राग कुणावर धरायचा हेच कळेनासं झालं. सीताफळाच्या बियांची पूड पुडीत बांधून दिली.

जाताना दारात म्हणाली, "कापली तर पाप. आपसूक सुटली तर आईनं सोडली. पन हात लावायला आईचा कौल पायजे."

२७ फेब्रु., मंगळवार

देवीच्या देवळात कौल. राहीआक्काने मला बोलावलं. मी आत गेले नाही, उंबऱ्यापाशी बसले. पण देऊळ खोलीएवढं, मूर्ती चार हातांवर, सगळं दिसत होतं. मागे अंगणात कोंडाबाई, म. आणि वीस-पंचवीस बायका. त्यांना राहीआक्काची पाठ तेवढी दिसत असणार.

ओल्या मूर्तीवर डावीउजवीकडे एकेक दाणा चिकटवायचा. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नाही. ज्वारी घरात कुणाच्याच नाही, म्हणून रेशनचा तांबडा मिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आईला अमेरिकेची जवारी चालती का?" तिला गप्प केलं.

राहीआक्काने विचारलं, पोरीच्या केसाला हात लावू का.

डावा पडला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, टपकन खाली.

राहीआक्काने हात पुढे केला, मूर्तीच्या पायाशी फिरवला, आणि वळून सगळ्यांना म्हणाली, "उजवा दिला आईनं. चैत्री पुनवेपत्तुर मुदत हाय. तवर समदी सुटली तर आईनं सोडली. न्हाई सुटली तर परडी."

तिचा आवाज हलला नाही. मूठ मिटलेली होती.

बाहेर पडताना माझ्याजवळून गेली तेव्हा म्हटलं, "आक्का..." ती थांबली नाही. "तुमी आईला मानत न्हाई. तुमाला काय दिसनार?"

१ मार्च, गुरुवार

नऊ जणी आल्या. म. आली. पहिला हात राहीआक्कानेच लावायचा असं ठरलं होतं. मी म.समोर बसले आणि विचारलं, "मथे, लावू देशील?" उत्तर नाही. कसं असेल. पण ती उठली, आगगाडीच्या मागच्या टोकाला बसायची ती पुढच्या टोकाला येऊन बसली. म्हणजे मागच्या सगळ्यांकडे पाठ.

मी तो होकार धरला. चुकत असेन तर चुकू दे, यावेळी विचारलं तरी होतं.

करंजीचं तेल मुरवून राहीआक्का बोटांनी एकेक केस सोडवत बसली. संध्याकाळपर्यंत दोन बोटं रुंद जागा मोकळी झाली. जखम धुतली. माशांनी अंडी घातली नव्हती, नशीब.

अर्जाचा कागद फाडला. मायना तेवढा चांगला लिहिला होता.

८ मार्च, गुरुवार

सतरा जणी. शेजारच्या वाडीच्या तीन. डॉक्टर दौऱ्यावर आले होते, जीपमधून उतरून बघत उभे राहिले. "हे काय चाललंय, सिस्टर?" मी म्हटलं, उवांचा कार्यक्रम. ते बराच वेळ कोपऱ्यात उभं राहून ऐकत होते. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये उवाच लिहा. दुसरं काही लिहिलंत तर बंद करायला लावतील."

म.ची जट सुमन सोडवत होती. बोलणं चालू होतं ते कुणाच्या तरी चुलत्याचं, पोरी हसत होत्या. म. हसली नाही. पण मान मोकळी होत चालल्याने ती आता सरळ बसते.

१८ मार्च, रविवार

होळी. जाळायला लाकूड नाही, चार गोवऱ्या आणि झाडलोट. गोवऱ्यासुद्धा कुणी जाळू द्यायला तयार नव्हतं.

आज वर्ष झालं त्या पोराला. कोंडाबाईने सांगितलं. म. दिवसभर जेवली नाही.

२२ मार्च, गुरुवार

बोलली.

एक नवी पोर सांगत होती, कामावर धाकट्या भावाला सावलीत ठेवते आणि माती वाहताना सारखं वाटतं त्याला काही झालं तर. तिचं बोलणं संपलं. फण्या चालू होत्या. आणि पुढच्या टोकाहून, कुणाचा आवाज ते आधी कळलंच नाही इतका खरखरीत:

"झोपले हुते मी."

सगळ्यांचे हात थांबले. मी जागची हलले नाही.

"दोन रात जागले. मंग झोपले. उठले तर गार झालं हुतं."

सुमन तिच्या मागे होती. मी सुमनकडे पाहिलं, ती रडत होती, पण हात पुन्हा चालू केले. आवाज अगदी नेहमीचा ठेवला. "दोन रात जागल्यावर कुनीबी झोपतंय, मथे."

कुणी वळून बघितलं नाही. सतरा पोरी, एकीनेही नाही.

मला सांगायचं होतं की मूल जुलाबाने सुकलं की झोपलेल्या माणसाचा काही दोष नसतो, जागं असतीस तरी तिथे काय करणार होतीस, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं हे तुला कुणी सांगितलं होतं का. सगळं ओठांवर आलं होतं. नाही बोलले. आज पहिल्यांदा मला वेळेवर गप्प बसता आलं.

२९ मार्च, गुरुवार

आज पुन्हा गप्प. मला वाटलं होतं आता धो धो बोलेल. मूर्ख मी.

मानेच्या अगदी खालची एक गाठ राहिली आहे. सुपारीएवढी, घट्ट. तेल आत शिरत नाही. सुमन, राहीआक्का, मी, सगळ्यांनी बघितलं. सुईने प्रयत्न केला तर म. डोकं काढून घेते. बाकी केस पाठीवर मोकळे. लांब आहेत, कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

आमचे हे गेले त्या वर्षाची आठवण झाली. चौथ्या दिवशी मेट्रनने ड्यूटीला बोलावलं होतं. मी तिला मनातून किती शिव्या दिल्या! पण वॉर्डात तीस पेशंट होते आणि कुणीही माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं, आपापल्या दुखण्यात होते सगळे. त्याने मी उभी राहिले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, वहीतसुद्धा नाही.

४ एप्रिल, बुधवार

पाडवा. गुढीला साखरेची गाठी नाही, कडुलिंब मात्र भरपूर.

कारखाने बंद होताहेत, बैलगाड्या परतू लागल्या. गयाही आली म्हणे, शेजारच्या गावी तिच्या सासरी. माहेरी पाय ठेवलेला नाही. कोंडाबाई म्हणाली, "वरीस झालं, दोघीबी लेकी गेल्यावानी झाल्यात."

पुनव तेरा दिवसांवर.

९ एप्रिल, सोमवार

लसीकरणाच्या निमित्ताने गयाच्या गावी गेले. निमित्तच ते. चोवीस वर्षांची असेल, चाळिशीची दिसते. हातांना कोयत्याचे घट्टे. मी म.चं नाव काढल्याबरोबर उठून पाणी आणायला गेली आणि लवकर आलीच नाही. आली ती दारातच बसली, अर्धी पाठ माझ्याकडे.

"मी म्हनले तिला. मीच म्हनले. मला कुनाला तरी म्हनायचंच हुतं, बाई. मुकादमाला म्हनता येईना, नवऱ्याला म्हनता येईना. मी तरी कुटं आले फडातनं? दुपारी सांगावा आला हुता, पोर निपचित हाय म्हनून. मी म्हनले, गाडी भरून मंग येते."

मी विचारलं, "हे तिला माहीत आहे? सांगावा आला होता ते?"

"तिनंच धाडला हुता."

म्हणजे पोरीने कळवलं होतं. ती जागी होती, कळवलं, वाट पाहिली, मग झोपली. आणि तरी वर्षभर दोष अंगावर घेऊन बसली, बहिणीचासुद्धा. तिच्या तोंडातून तो सांगावा कधी निघाला नाही. मला तिथे बसवेना. गयाचा राग आला आणि तिच्याकडे बघून राग टिकेना.

म्हटलं, "गुरुवारी ये. काही बोलू नकोस. नुसती ये."

"कुठल्या तोंडानं यिऊ?"

म्हटलं, "तिथे तोंड लागत नाही."

११ एप्रिल, बुधवार

राहीआक्का म्हणते, एक गाठ राहिली तरी राहिलीच, आईला फसवता येत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने नजर चुकवली. मग म्हणाली, "एकदा केलं बाई. दुसऱ्यांदा माज्यानं हुनार न्हाई."

कोंडाबाईने परडी आणून ठेवली आहे. नवी, वेताची.

१२ एप्रिल, गुरुवार

पुनवेआधीचा शेवटचा गुरुवार. वीसच्या वर पोरी. म. पुढच्या टोकाला. सुमन मागे, त्या गाठीशी झटत. दुपारभर काही झालं नाही.

चारच्या सुमाराला गया आली. ओट्याच्या पायरीशी उभी राहिली, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. म.चं तोंड रस्त्याकडेच होतं, त्यामुळे तिला ती सरळ समोर दिसली. नियम मागे वळून न बघण्याचा, समोरून आलेल्या माणसाचं काय करायचं याचा नियम कुणी केलेला नव्हता.

म.ने तिच्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला तर वाटलं उठून पळते.

ती पळाली नाही. बसल्या जागेवरून मागे सरकली, सुमनला ढकलतच. तिच्यापुढे सतरंजीवर एका माणसाएवढी जागा झाली. मग शेजारी पडलेली फणी उचलली आणि हातात धरून बसली.

गया हलेना. "बस," असं मी म्हणणार होते. सुमनने माझ्याकडे डोळे वटारले.

तेवढ्यात वेशीकडून आरडाओरडा झाला, टँकर आला, टँकर आला. तीन दिवसांनी आला होता. एका क्षणात आगगाडी मोडली, पोरी हंडे आणायला घराकडे पळाल्या, सुमनसुद्धा, राहीआक्कासुद्धा. मीही बादली घेऊन निघाले. दवाखान्यात थेंब नव्हता.

कोपऱ्यावरून मागे पाहिलं. ओट्यावर गया अजून उभी होती आणि म. फणी धरून बसलेली. पाण्याला दोघींपैकी कुणीच गेलं नव्हतं.